धातू

वाळूजला प्रेस शॉप चालवणारा मामा आणि औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत ठाण मांडून बसलेला भाचा, ही जोडी संभाजीनगरात दर चार घरांआड सापडते. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्याच्या मागोमाग जॉबवर्कवाले मामा आले आणि मामांकडे बघून घरोघरचे भाचे मेकॅनिकलला गेले.

आमचा नमुना त्यांतलाच. चार वर्षं इंग्रजीतून धातू शिकला. लोखंडात दोनेक टक्क्यांपर्यंत कार्बन असला की पोलाद, ७२७ अंशांना त्याची आतली घडण पालटते, सगळं तोंडपाठ. मग डिग्री लॅमिनेट केली आणि एमपीएससीच्या 'संयुक्त'चा फॉर्म भरला. हल्ली उशाशी मो. रा. वाळंब्यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' असतं. उघडून बघतो तर तिथंही धातू! 'करणे'मधला 'णे' काढला की उरतो तो 'कर'. "ह्याला गंज चढत नाही," असं तो कौतुकानं सांगतो.

तेव्हापासून त्याच्याशी बोलायची चोरी झाली आहे. टपरीवर कुणी "काय करायलास?" म्हटलं, की "अभ्यास करायलो" एवढ्यावर भागत नाही. "पुस्तकात 'करत आहे' पाहिजे, पण धातू शाबूत आहे," हे ऐकावंच लागतं. बिलाच्या वेळी मात्र त्याचा कर्मणी प्रयोग सुरू होतो: "पैसे दिले जातील." कर्ता बेपत्ता. खोलीतला बीएएमएसवाला रसापासून शुक्रापर्यंत शरीराचे सात धातू मोजतो, तेव्हा तेवढा हा गप्प ऐकतो. न जाणो, सामान्य विज्ञानात प्रश्न आला तर!

रविवारी मामानं त्याला शॉपवर बोलावलं. मामाची मजल दहावीपर्यंत, पण ठिणगी वाचता येते. भंगारातला एक तुकडा त्यानं ग्राइंडरला लावला. ठिणग्या लांब, सरळ गेल्या तर साधं एमएस. टोकाशी फुलबाजीसारख्या फुटल्या तर कार्बन जास्त. ह्या तुकड्याच्या चांगल्याच फुटल्या.

"सांगा भाचेबुवा, कोणता धातू?"

"'घास'. सकर्मक."

मामानं ग्राइंडर बंद केला.

"आणि ह्यात तू कोण?"

"मी कर्ता, मामा."

"मग कर की काहीतरी!"

"आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन," म्हणत भाच्यानं खिशातून वही काढली आणि टिपून घेतलं.