भिंतीच्या आतला कारभार

घराच्या नूतनीकरणास हात घातला, की गृहस्थाच्या आयुष्यात असा एक काळ अवश्य येतो, की ज्यात भिंती उघड्या पडलेल्या असतात, जुना गिलावा पोत्यांत भरून दाराशी रचलेला असतो, कटरच्या धुरळ्याने घरातील सर्व मंडळींस अकाली वार्धक्य प्राप्त झालेले असते, आणि वायरमन हातात खडू घेऊन, कोणत्याही प्रकारची घाई न करता, एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत असतो: "साहेब, टीव्ही कुठं येणार?" प्रश्न वरकरणी निरुपद्रवी आहे, परंतु त्याचे उत्तर द्यावयाचे म्हणजे पुढील दहापंधरा वर्षे घरातील कोणते माणूस कोणत्या भिंतीकडे तोंड करून बसणार आहे, याचे भविष्य वर्तविणे होय, आणि ही विद्या आमच्या घराण्यात कोणासही अवगत नाही.

पूर्वी हा पेच नव्हता. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे पुण्यातील घरोघर जे संच आले, त्यांची जागा यजमानांनी नव्हे तर सिंहगडाने मुक्रर केली. गच्चीवरील अँटेना गडावरच्या प्रक्षेपण-मनोऱ्याकडे तोंड करून उभी राही, तिची चपटी तार ज्या खिडकीतून आत उतरे त्या खिडकीशी संच, आणि संच जेथे असेल तेथे कुटुंब, अशी सरळ व्यवस्था होती. तीवर अपील नसे.

आता मात्र सर्वांस मत आहे. मातोश्रींचे म्हणणे असे, की टीव्ही दिवाणखान्यातच असावा, मात्र देवघराच्या पाठभिंतीवर नसावा. सौभाग्यवतींचे असे, की तो ओट्याशी उभ्या माणसास दिसावा, कारण घरात सर्वांत अधिक वेळ उभे राहणारे माणूस तेच. मी निदान एक खोली वाचनासाठी निःशब्द राहावी अशी दरखास्त मांडली, ती विचारार्थ ठेवण्यात आली. आणि चिरंजीवांनी टीव्ही ही वस्तूच कालबाह्य असल्याचे जाहीर करून स्वतःच्या खोलीसाठी दोन लॅन पॉइंट मंजूर करून घेतले.

"अहो, पण हल्ली सगळं हवेतूनच येतं ना? मग भिंती कशाला फोडताय?" असा शेजाऱ्यांचा सवाल होता, व तो अगदीच गैरवाजवी नव्हे. परंतु आमचे घर तीर्थरूपांच्या वडिलांनी १४ इंची विटांच्या भिंतींत बांधलेले. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण अशा भिंतींपुढे त्यांचे तेज फार लवकर ओसरते, २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीपलीकडे पोहोचतात, मात्र त्या संथ, आणि आळीतील प्रत्येक घराच्या लहरी त्याच मार्गावर गर्दी करून असतात. तेव्हा तार घालावी, असा ठराव बहुमताने झाला.

ही कॅट-६ नावाची तार मोठी विचारी वस्तू आहे. तिच्या पोटात ४ जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीचा पीळ निराळ्या घट्टपणाचा असतो, तो अशासाठी, की एका जोडीतील संभाषण शेजारच्या जोडीस ऐकू जाऊ नये. वाड्यातील बिऱ्हाडांस जे तीन पिढ्यांत साधले नाही ते हिला जन्मतःच साधलेले असते. टोकाशी रंग लावण्याचा क्रम चिरंजीव संध्येच्या चोवीस नावांप्रमाणे घडाघडा म्हणतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या दांपत्याच्या मधोमध निळे दांपत्य येऊन का बसते, याचा खुलासा असा, की मधल्या दोन जागा मूळच्या टेलिफोनच्या. टेलिफोन आमच्या घरातून केव्हाच गेला, पण त्याची वहिवाट शाबूत आहे.

दुकानात ही तार ३०५ मीटरच्या वेटोळ्यात मिळते. देशात मेट्रिक माने येऊन कित्येक दशके लोटली तरी तो आकडा म्हणजे निव्वळ १००० फूटच होत. अतिस्वस्त वेटोळे दिसल्यास तार पात्याने खरवडून पाहावी: आत पांढुरकी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम समजावे आणि नमस्कार करून बाहेर पडावे.

खरा कज्जा वायरमनशी झाला. "एकाच पायपात जातील की, साहेब. जागा आहे," हे त्याचे तत्त्वज्ञान. २३० व्होल्टची वीज आणि नेटची तार एकत्र नांदविणे जिवासही धोक्याचे आणि संदेशासही, म्हणून दोहोंचे पाइप स्वतंत्र असावेत, त्यांत अंतर राखावे, आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावे, हे त्याने ऐकून घेतले, व "तुमचं घर आहे" एवढेच म्हणून झिरी मारावयास घेतली. टीव्हीमागे मात्र २ इंची पाइप घालण्याचे त्यानेच सुचविले, कारण एचडीएमआयच्या तारेचे डोके तिच्या देहाच्या मानाने अवाढव्य असून ते बारीक नळीतून, त्यातही वळणावरून, जात नाही. अनुभवी माणूस, मी तत्काळ मान्य केले.

सर्व तारा जेथे एकत्र यावयाच्या ती जागा जिन्याखाली ठरली. तेथे मातोश्रींच्या लोणच्याच्या बरण्यांचा मिरासी हक्क होता. तह होऊन खालचा कप्पा बरण्यांस आणि वरचा, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या सॉकेटसह, राउटरास मिळाला. हे सॉकेट विसरू नये, कारण दिवे गेल्यावर राउटर मुका झाला, तर भिंतीतील सगळे तांबे शोभेचे.

इतके झाल्यावरही टीव्ही कोठे येणार याचा निकाल लागला नाही. म्हणून दिवाणखान्याच्या चारही भिंतींत पाइप नेले. एकात तारा भरल्या, उरलेल्या तिहींत मागाहून तार ओढण्यासाठी नुसती जस्त चढविलेली लोखंडी ओढतार सोडून तोंडे झाकली. गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक झिरीचे टेप धरून छायाचित्र घेतले, आणि ती छायाचित्रे घराच्या खरेदीखताच्या फायलीत लावली. वाचकांपैकी कोणाच्या भिंती सध्या उघड्या असतील, तर त्यांनी एवढे आजच करावे, कारण गवंडी सांगून येत नाही.

वायरमनच्या बिलात त्या तीन नळ्यांची नोंद "रिकामा पाइप" अशी असून दर भरलेल्या पाइपाइतकाच लावलेला आहे. मी त्यावर हरकत घेतलेली नाही.