घराण्याचे दात

आमच्या घराण्यातील पुरुषांचे पुढे आलेले दात हे शिंदेसरकारच्या इमानी चाकरीबद्दल मिळालेले वंशपरंपरागत इनाम असावे, अशा थाटात मी ते आजवर मिरवीत आलो. परंतु देवास गेटवरील दंतवैद्याने नातवाच्या जबड्यात आरसा फिरवीत असता मजकडे ओझरता कटाक्ष टाकून, ‘आजोबांचा अंगठाही बराच काळ तोंडात असावा,’ असा शेरा मारला आणि ती सनद जागच्या जागी जप्त झाली.

अंगठा आत असला की म्हणे जीभ खाली दबते, गाल दोहों बाजूंनी रेटतात, टाळूची कमान अरुंद होते, वरचे दात बाहेर झुकतात आणि दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते. यात जोरापेक्षा मुदत अधिक घातक. बहुतेक मुले चौथ्या वर्षापर्यंत आपण होऊन सोडतात. कायमचे दात येऊ लागल्यावरही चालूच राहिले, तर टाळूला तारेची जाळी.

मी पुराणांचे दप्तर काढले. युवनाश्वाच्या कुशीतून जन्मलेल्या मांधात्याला पाजणारी आईच नव्हती, तेव्हा साक्षात इंद्राने आपली तर्जनी त्याच्या मुखी दिली आणि तो चक्रवर्ती झाला; ओंकारेश्वरचे बेट अद्याप त्याचे नाव सांगते. वटपत्रावरील बालमुकुंद तर पायाचा अंगठा चोखतो, आणि पुढे तोच आमच्या उज्जैनीत सांदीपनींकडे शिकावयास आला असता गुरुजींनी त्याच्या दातांबद्दल तक्रार केल्याचे भागवतात नमूद नाही. फ्रॉइडसाहेबांनी 1905 साली याच चोखण्यात कामवासना शोधून काढली. त्यापेक्षा आमचा इंद्र बरा! डॉक्टर म्हणाले, “पायाच्या अंगठ्याचा पेशंट अजून आला नाही.”

नातवाचा तो अंगठा मात्र मी प्रथमच निरखून पाहिला: कातडी पांढुरकी, सुरकुतलेली, सांध्यावर घट्टा, नख बाकीच्या नखांहून लख्ख. धाकटी बहीण घरात आल्यापासून त्याला हक्काचे असे तेवढेच उरले होते. आणि त्यावर आम्ही कडुनिंबाचा रस चोळला, चिंध्या बांधल्या. बस स्टँडवर तर एका परक्या गृहस्थाने “छी, इतना बड़ा होकर!” म्हणत त्याचा हात खस्सकन ओढला, तेव्हा त्या उपदेशकाच्या स्वतःच्या गालात तंबाखूचा बार होता. माझे मस्तक फिरले.

डॉक्टरांनी नातवालाच विचारले. जाळीला त्याची ना नव्हती. मात्र आजोबांनाही बसवावी, अशी त्याने अट घातली. “हिरड्या शाबूत असतील तर आपलेही दात मागे घेता येतील,” म्हणून डॉक्टरांनी खर्चाचा आकडा सांगितला, आणि मी घराण्याच्या इतिहासाच्या नावाने त्या अटीस रीतसर हरकत नोंदविली.