आवक शिक्का

(एका बँकेतली खोली. पंखा चालू, एसी बंद.)

लेखापरीक्षक : ग्राहक म्हणतो, रात्री २.१० ला पैसे पाठवताना ॲप बंद पडलं. तुमचं लॉग साठवणारं स्प्लंक म्हणतं, दोन ते तीन काही घडलंच नाही. खोटं कोण बोलतंय?

लॉगवाली : कुणीच नाही, साहेब. त्याच्या फोनची बॅटरी संपली. सकाळी ९.४० ला फोन चालू झाला, तेव्हा ॲपनं रात्रीचे तीस संदेश एकाच जेसनमध्ये गुंडाळून पाठवले. स्प्लंकनं गठ्ठ्यावर ९.४० चा शिक्का मारला.

लेखापरीक्षक : अहो, ही तर बारनिशी! कारकून होतो तेव्हा मीही आवक शिक्के मारलेत. पण आम्ही लिफाफा फोडायचो.

लॉगवाली : मीही फोडला. आत दुसरा निघाला. त्याच्या आत तिसरा. हे बघा : \\\\\\\"

लेखापरीक्षक : वाळवी लागलीय का?

लॉगवाली : बॅकस्लॅश आहेत. आतल्या अवतरणचिन्हाचा पहारा दर लिफाफ्याला वाढतो. पहिल्यात एक, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात सात.

लेखापरीक्षक : एका चिन्हाला सात शिपाई! आमच्या अध्यक्षांच्या दाराशी दोन असतात, त्यातला एक झोपलेला.

(इथे चहा येतो. जेसन कुणालाही उपाशीपोटी समजावू नये.)

लेखापरीक्षक : मग थर सोला, आतली वेळ वाचा. झालं!

लॉगवाली : सोलायला ‘एसपाथ’ ही आज्ञा आहे. पण शोध आधी शिक्क्याच्या वेळेवरून गठ्ठे काढतो, मग सोलतो. तुम्ही दोन ते तीन मागितलंत, तर ९.४० चा गठ्ठा कपाटाबाहेर येतच नाही.

लेखापरीक्षक : शिक्का खोडा.

लॉगवाली : इंडेक्समध्ये गेलेली नोंद बदलता येत नाही. आतला संदेश काढायचा, त्याला त्याची स्वतःची वेळ लावायची आणि ‘कलेक्ट’ या आज्ञेनं नव्या इंडेक्समध्ये पुन्हा दाखल करायचा.

लेखापरीक्षक : पुन्हा दाखल, म्हणजे पुन्हा पैसे?

लॉगवाली : ‘स्टॅश’ या सोर्सटाइपखाली घातला तर परवान्यात मोजत नाहीत. पण मग ॲपच्या सोर्सटाइपवर बांधलेले आपले नियम त्याला ओळख देत नाहीत. मूळ नाव लावलं की मोजणी सुरू.

लेखापरीक्षक : अनाथाला फी माफ, वारसाला मुद्रांक शुल्क. बरं, तीसही निघाले?

लॉगवाली : तेवीस.

लेखापरीक्षक : सात संदेशांचा अपहार?

लॉगवाली : कात्री, साहेब. मर्यादा कुणी बदलली नसेल तर स्प्लंक १०,००० बाइटांनंतरची ओळ कापतं. शेपूट तुटलेलं जेसन बघून एसपाथनं हात टेकले. मग रेगेक्सनं एकेक उचलून काढला.

लेखापरीक्षक : आणि आपला २.१० चा?

लॉगवाली : तेविसावाच तो. थोडक्यात वाचला. फक्त तो आदल्या रात्री ८.४० ला दिसायला लागला.

लेखापरीक्षक : ग्राहक तेव्हा जेवत असेल हो!

लॉगवाली : आतली वेळ यूटीसीत होती. ते सांगणारा शेवटचा ‘झेड’ माझ्या नजरेतून सुटला. साडेपाच तास गेले. दुरुस्त करून पुन्हा दाखल केलाय.

लेखापरीक्षक : (चष्मा काढून) म्हणजे आता एकच बिघाड तीनदा. ८.४०, २.१० आणि ९.४०.

लॉगवाली : हो.

लेखापरीक्षक : दोन पुसून टाका.

लॉगवाली : ‘डिलीट’ दिलं की नोंद शोधात दिसत नाही, डिस्कवरची जागा मात्र अडूनच राहते. शिवाय तो अधिकार ॲडमिनलासुद्धा आपसूक मिळत नाही, वेगळा द्यावा लागतो.

लेखापरीक्षक : (प्रथमच प्रसन्न) आमच्या तळघरातली कपाटं अशीच आहेत. फाइल सापडत नाही, कपाट रिकामं होत नाही, किल्ली कुणाकडे ते साहेबाला ठाऊक नाही. चला, अहवालात २.१० लिहितो.

लॉगवाली : ई-मेलनं पाठवताय?

लेखापरीक्षक : छे! छापून, सही करून, लिफाफ्यात. मुख्यालयात तसंच चालतं.

लॉगवाली : आज शुक्रवार आहे, साहेब.

लेखापरीक्षक : हो ना. शिक्का सोमवारचा पडेल.