लूजू, ज ‘बाजू’तला

मलकापूरचा पत्ता सांगायला बसलो की आमची पहिली पाच मिनिटं आम्ही कुठले नाही हे सांगण्यातच जातात. बुलडाण्यातलं, मुंबई-नागपूर रेल्वेवरचं मलकापूर ते आमचं नव्हे. शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना लागतं तेही नव्हे. आमचं कराडला चिकटलेलं, आगाशिवाच्या डोंगराखालचं, पुणे-बंगळूर हमरस्ता ज्याच्या पोटातून जातो ते. एवढं सांगून झालं की समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, “म्हणजे कराडच की.”

त्यामुळं पुतण्या रिगाच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकायला निघाला तेव्हा त्या देशाबद्दल मला आधीपासूनच बंधुभाव वाटू लागला. लात्व्हिया. लिथुएनिया नव्हे, तो शेजारचा. बाल्कन नव्हे, बाल्टिक. अख्ख्या देशाची वस्ती एकोणीस लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत आमच्या एकट्या सातारा जिल्ह्याची तीस लाख भरली होती. म्हणजे तो देश आमच्या जिल्ह्यात मावला असता, वर महाबळेश्वरला हवा खायलाही गेला असता. गल्लीतल्या लोकांना मात्र हे कळेना. “पोरगं लाटव्याला गेलंय,” असं एक म्हातारी सगळ्यांना सांगत फिरत होती आणि ऐकणाऱ्याला ते पाटणकडचं गाव वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी त्याचा फोन आला. “तात्या, काकूला घेऊन जूनमध्ये या. पण येण्याआधी चाळीस शब्द पाठ करा.”

“का रं? तिथं इंग्रजी चालत नाही?”

“इंग्रजी चालतं, तात्या. तुमचं चालणार नाही.”

साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. व्हॉट्सॲपवर रोज रात्री त्याचे दोन शब्द येऊ लागले, त्याच्याच आवाजात, आणि आमच्या स्वयंपाकघरात लात्व्हियन भाषेचा वर्ग भरू लागला.

पहिला धक्का चांगला होता. त्यांच्या ‘हो’चा उच्चार ‘या’ आणि ‘नाही’चा उच्चार ‘ने’. म्हटलं, ही तर पाहुण्याला बोलावणारी आणि पोराला शाळेत पाठवणारी भाषा. पुढं कळलं, घराला ते म्हणतात ‘माया’. गाईला ‘गुओव्स’, म्हणजे आपली ‘गो’च. नवऱ्याला ‘वीर्स’. सौभाग्यवतीनं तेवढ्यात ‘मन्स वीर्स’ म्हणजे ‘माझा नवरा’ हे पाठ करून टाकलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला वीर म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तोही परभाषेत. तोंडाला त्यांचा जो शब्द आहे तो मात्र मी इथं लिहीत नाही. मराठीत तो दुसऱ्याच जागेशी संबंधित आहे.

उच्चारांत तर आपण इंग्रजांपेक्षा पुढंच. गोऱ्यांना जो आवाज काढताना घाम फुटतो तो दंत्य च आणि दंत्य ज आपल्याकडं बारशापासून असतो. ‘कृपा करून’ला त्यांचा शब्द ‘लूजू’. पुतण्यानं बजावलं होतं, “ज ‘बाजू’तला, ‘जीव’तला नव्हे.” हे आम्हाला एका फटक्यात जमलं. ‘कितीला’ म्हणजे ‘त्सिक मक्सा’ इथं मात्र ठेच लागली. आपल्याकडं इकार आला की च आपोआप तालव्य होतो. ‘चमचा’ जमतो, पण चिंचेतला च दंत्य करून बघा. सौभाग्यवती दोन दिवस ‘चिक मक्सा’ म्हणत होती आणि शेजारणीला वाटलं, घरात चीक शिल्लक आहे, खरवस होणार.

जोर कायम पहिल्या अक्षरावर द्यायचा, असा त्यांचा नियम. अपवाद अगदी थोडे. पण ‘नमस्कार’ म्हणजे ‘लब्दियेन’, सकाळचा नमस्कार ‘लब्रीत’ आणि ‘आभारी आहे’ म्हणजे ‘पल्दियेस’, हे सगळे त्या थोड्यांतच. प्रवाशाला जे शब्द पहिल्या दिवशी लागतात तेवढेच नेमके नियमाबाहेर ठेवलेले. आपल्या सरकारी कचेऱ्या ज्यानं आखल्या त्याचाच कुणी नातेवाईक त्यांच्या व्याकरणात बसला असावा.

खरी मजा ‘स’नं आणली. तिथं पुरुषाचं नाव बहुधा ‘स’वर संपतं आणि परक्याचं नाव तसं संपत नसेल तर ते स्वतः लावून घेतात. शेक्सपिअरचा त्यांनी ‘शेक्सपीर्स’ केलाय, तिथं पाटलाची काय कथा? मी ‘पातील्स’ होणार हे ठरलेलं. आता शाळेत आपण विभक्तीचे प्रत्यय घोकले ते आठवा. प्रथमा, प्रत्यय नाही. द्वितीया, स, ला, ते. चतुर्थी, पुन्हा तेच. आपल्याकडं ‘पाटलास’ म्हटलं की पाटलाला काहीतरी मिळणार असतं, सत्कार म्हणा, नोटीस म्हणा. त्यांच्याकडं पातील्स नुसता उभा असतो, त्याला कुणी काही देत नाही. हाक मारताना तर तो स काढूनही घेतात. मला ही भाषा पेन्शनरांची वाटू लागली.

सप्तमी मात्र थेट हृदयाला भिडली. गावं स्त्रीलिंगी करून अकारान्त करायची त्यांची खोड आहे. जयपूरचं ते ‘जयपुर’ ठेवत नाहीत, पुढं एक ऱ्हस्व ‘अ’ लावतात. आणि ‘गावात’ म्हणायचं झालं की तोच अ लांबवतात. त्या हिशेबानं मलकापुरात राहणारा माणूस ‘मलकापुरा’ राहतो. हे वाक्य मी मोठ्यानं म्हणून पाहिलं तर मागं टाळ वाजल्यासारखा भास झाला.

हा भास मी शेजारच्या मास्तरांना सांगितला, ही चूक झाली. मास्तरांनी उभी हयात संस्कृत शिकवण्यात घालवलीय. त्यांनी माझी वही घेतली आणि लाल पेनानं खुणा करायला सुरुवात केली. देव म्हणजे ‘दिएव्स’. धूर म्हणजे ‘दूमि’, धूम. दात म्हणजे ‘झुओब्स’, जंभ. दोन ‘दिवि’, सात ‘सेप्तिन्यि’, दहा ‘देस्मित’. आणि पाणी? ‘ऊदेन्स’. उदक! मास्तर खुर्चीतून उठलेच. “पाटील, सगळं आपल्याकडूनच गेलंय.”

मी त्यांना सांगितलं की भाषेचे जाणकार तसं म्हणत नाहीत. संस्कृत आणि लात्व्हियन एकाच खोडाच्या दोन फांद्या, चुलत नातं. ती हिची लेक नव्हे.

“चुलत? मग थोरला कोण?”

“तो सापडत नाही, मास्तर. भाऊबंदच राहिलेत.”

“मग वाटणीचा दावा चालू असणार,” मास्तर म्हणाले आणि त्यांचा निम्मा उत्साह गेला. आमच्या भागात सातबाऱ्यावर नाव नसलेल्या नात्याला फार किंमत नसते.

त्यांचा गेलेला उत्साह एका कपाटानं परत आणला. क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या गृहस्थांनी लात्व्हियन लोकगीतं गोळा करून चिठ्ठ्यांवर लिहिली आणि त्या ठेवायला १८८० साली मॉस्कोत कप्प्याकप्प्यांचं एक कपाट करून घेतलं. १८९४ ते १९१५ या काळात त्यांनी जी छापली ती गीतं भरली दोन लाख सतरा हजारांच्या वर. बहुतेक चार ओळींची. त्यांना ‘दैना’ म्हणतात. दैना म्हटल्यावर आम्हा दोघांचे चेहरे पडले, पण तिथं त्याचा अर्थ गाणं एवढाच आहे. बायकांची गाणी, लग्नाची गाणी, धान्य दळतानाची गाणी. मास्तर हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे ओव्याच की.” पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, ते मास्तरांना ठाऊक होतं. बारोन्सांच्या कपाटाला २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात जागा मिळाली हे ऐकून त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. त्यांच्या आईच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नव्हत्या.

‘पल्दियेस’ या शब्दावर मी एक आठवडा अडलो होतो. उच्चारामुळं नव्हे, सवयीमुळं. ‘आभारी आहे’ असं आमच्याकडं सत्कारसमारंभात माइकसमोर म्हणतात, माणसाला नाही म्हणत. दुकानदारानं सुटे दिले तर ‘बरं’ म्हणायचं आणि चालू लागायचं. नंतर पुतण्यानं त्याची फोड सांगितली. ‘पल्दियेस’ हा ‘देव साहाय्य करो’ असा जुना बोल आक्रसून झालेला शब्द. गोव्यात ‘देव बरें करूं’ म्हणतात ते काय वेगळं आहे? मग मात्र अडचण राहिली नाही. आभार मानताना आखडणारा माणूस देवावर सोपवायला लगेच तयार होतो.

आणि ‘लूजू’? त्याचा अर्थ पुतण्यालाही एका दमात सांगता येईना. कृपया म्हणजे लूजू. हे घ्या म्हणजे लूजू. आभारावर उत्तर म्हणूनही तेच. ऐकू आलं नाही, तर प्रश्नार्थक लूजू. सौभाग्यवतीनं कणीक मळता मळता निकाल दिला, “अहो, म्हणजे आपला ‘की’. या की. बसा की. घ्या की. काय म्हणालात, सांगा की.” शब्दकोशवाल्यांना जमलं नसतं.

रिगाला पोचलो त्या संध्याकाळीच चाळिसांबाहेरचे दोन शब्द अंगावर आले. सौभाग्यवती माळकरी. “गल्या” म्हणजे मांस आणि “बेझ गल्यस” म्हणजे बिनमांसाचं, हे तिनं रामरक्षेसारखं तयार केलेलं. पण दुकानात एका पाकिटावर ‘देसा’ वाचून मला ते देशी काहीतरी वाटलं आणि मी ते टोपलीत टाकलं. ‘देसा’ म्हणजे मांस भरलेलं आतडं. पुतण्यानं ते काकूच्या दृष्टीआड परत ठेवलं, तोवर त्याच्या हातातला खोका तिनं पाहिला. खोक्यावर ‘सुला’. नाशिकची सुला तिला ऐकून माहीत. “शिकायला म्हणून आलास आणि हे?” पोरगं बिचारं सांगतंय, काकू, लात्व्हियनमध्ये सुला म्हणजे फळाचा रस, हा सफरचंदाचा आहे. अर्धा तास गेला. शेवटी त्यानं स्वतः पिऊन दाखवला आणि सरळ रेषेत चालूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी रिगाच्या मुख्य बाजारात गेलो. जर्मनांच्या झेपेलिन आकाशनौकांच्या गोदामांचे सांगाडे आणून त्यांतून या मंडईच्या पाच इमारती उभ्या केल्या आणि १९३० मध्ये बाजार सुरू झाला. जिथं फुगवलेली आकाशनौका मावायची तिथं आता काकड्या आणि धुरावलेले मासे. कराडच्या मंडईची सवय असलेल्या माणसाला छत बघूनच मान दुखते.

पहिल्या टपरीवर मी कमावलेला घसा लावून म्हणालो, “लब्दियेन!” बाईनं रशियनमध्ये उत्तर दिलं. रिगात घरी रशियन बोलणारे पुष्कळ, हे पुतण्यानं सांगितलं होतं, पण शब्द रशियनचे पाठ करून घेतले नव्हते. दुसऱ्या टपरीवरच्या पोरानं माझं तोंड पाहिलं आणि झटकन इंग्रजी सुरू केलं. तीन महिन्यांची मेहनत वाया चाललेली. तिसरीकडं डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी राय धान्याचा काळा पाव विकत होती. मी विचारलं, “लूजू, त्सिक मक्सा?”

म्हातारीनं हात पुसले. “त्रीस एइरो.”

तीस! पावाला तीस युरो! हिशेब खात्यातला माणूस असूनही मी मुकाट्यानं दहाच्या तीन नोटा काढल्या, कारण घासाघीस करण्याचे शब्द चाळिसांत नव्हते. म्हातारीनं नोटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, दोन नोटा माझ्या हातात परत कोंबल्या आणि तीन बोटं उभी केली. “त्रीस.” मी म्हणालो, “तीस.” “त्रीस.” र तिनं असा घोळवून म्हटला की आमच्या शाळेची घंटा आठवली. माझ्या मागं चार माणसं उभी राहिली होती. त्यांतलं कुणी खाकरलंही नाही. चौथ्या खेपेला मला ‘त्रीस’ जमलं, तेव्हा तिनं सुटे दिले, पाव दिला आणि ती म्हणाली, “लूजू.” मी म्हणालो, “पल्दियेस.” ती पुन्हा म्हणाली, “लूजू.” सौभाग्यवतीनं माझ्याकडं बोट करून पुढं जोडलं, “मन्स वीर्स.” म्हातारी इतकी हसली की तिनं एक लहान पाव वरकड दिला.

परत आल्यावर महिनाभरानं ढेबेवाडी फाट्यावर चहा पीत उभे होतो. हमरस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चाललेलं, धूळ कपात पडत होती. शेजारी कामावरचा एक पोरगा. पिवळं हेल्मेट, बोलण्यावरून कुठला तरी लांबचा. त्यानं शब्द जुळवून मला विचारलं, “काका, टाइम किती… झाला?”

“साढ़े नौ बजा है,” मी म्हणालो.

सौभाग्यवतीनं कोपर मारलं. जोरात. मग माझ्या लक्षात आलं की तो मराठीत बोलला होता. आमच्या गावात हे रोजचंच. कुणी दोन शब्द मराठीत बोलायला लागला की आम्ही माणुसकी म्हणून हिंदीत शिरतो, आणि आमचं हिंदी ऐकून त्याला वाटत असणार की आपलं मराठी फारच वाईट आहे.

मी कप खाली ठेवला. “साडेनऊ.”

“साढे…”

“साडे. नऊ.”

“नौ?”

“नऊ.”

“न… ऊ.”

“आता सगळं एकदम.”

मागं पाच-सहा जण कप घ्यायला खोळंबले होते आणि सगळे खाकरत होते. टपरीवाल्यानं पातेल्यावर चमचा आपटला. “तात्या, शाळा संध्याकाळी घ्या. आधी जरा बाजूला सरा की!”