बुलढाण्यात बसून माकूल ओळखा

बुलढाण्याहून समुद्र सरळ रेषेत ३५० किलोमीटरच्या आसपास. म्हणूनच शीर्षपाद, म्हणजे डोक्यालाच पाय फुटलेले प्राणी, ओळखायला शिकावे ते आपल्याच जिल्ह्यात. नमुना हातातून निसटत नाही, अंगावर शाई उडवत नाही, वासही मारत नाही.

पाणी खारट आहे म्हणून लोणारला मात्र धावू नका. ही मंडळी फक्त समुद्रात राहतात. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हाही आत कोणी रंग बदलणारा अष्टपाद बसला नव्हता. ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काम होते.

त्यापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन समुद्रफेन मागा. पांढरा, होडीच्या घाटाचा, नखाने खरवडला की भुकटी होणारा. ‘समुद्राचा वाळलेला फेस होय बाप्पा,’ असे दुकानदाराने सांगितले तर मान डोलवा, भाव कमी होण्याची शक्यता असते. घरी आणून बादलीत टाका. तरंगेल. आत बारीक कप्पे आहेत. त्यांतला वायू आणि पाणी कमीजास्त करून कटलफिश वरखाली होतो. हे त्याच्याच पाठीतले कवच.

कोकणात कटलफिश आणि स्क्विड या दोघांनाही माकूल म्हणून मोकळे होतात. तुम्ही नवशिके, तुम्हाला ती मुभा नाही. अंग रुंद, बसके आणि लुगड्याला काठ असावा तसा पर दोन्ही बाजूंनी लांबवर गेलेला, तर कटलफिश. अंग नळीसारखे, पर शेपटाकडे आणि आत प्लास्टिकच्या पट्टीसारखे पारदर्शक पाते, तर स्क्विड. दोघांनाही आठ हात, वर दोन लांब सोंडा. आठावरच मोजणी संपली तर बहुधा अष्टपाद. मोजताना नमुना हलला तर तुम्ही चुकून समुद्रकाठी आला आहात.

आता देवघर. शाळिग्राम बाहेर काढण्याआधी आजीला विचारा. फोडून बघण्याबद्दल विचारूही नका. त्याच्या द्वारातून आत चक्र दिसले, त्यावर कंगोरे दिसले, तर तो ॲमोनाइट: बाहेर कवच वागवणारा, आता नामशेष झालेला शीर्षपाद. आजचा नॉटिलसही कवच वागवतो. पण त्याच्या कप्प्यांच्या भिंती कवचाला साध्या वळणाने भिडतात, ॲमोनाइटच्या नक्षीदार, पानाच्या कडेसारख्या. ही नक्षी मात्र वरचे कवच झिजलेले असेल तरच दिसते.

गंडकीच्या खोऱ्यातला हा दगड सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला. आपल्या अंगणाखालचा काळा पाषाण लाव्हारसाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे देव्हाऱ्यातला दगड घराच्या पायाहून दुपटीने जुना. ॲमोनाइटांचा वंश संपला तोही या लाव्ह्याच्याच काळात. आजीला हे सांगितले तर ती म्हणेल, ‘मग, देवच तो!’ वाद घालू नका, वयाच्या बाबतीत तिचे बरोबर आहे.

सराव परीक्षा कार्तिकात, तुळशीच्या लग्नाला. गुरुजींनी नवरदेवाचे, म्हणजे याच शाळिग्रामाचे, गोत्र विचारले तर गप्प राहा आणि अक्षता टाका.