हलू नका, काका

तिकोणा पेठेत शनिवारी उतरणारी माणसं दोन तऱ्हांची : गड चढणारी आणि पवनेच्या काठी तंबूत झोपणारी. पावसाळ्यात अधूनमधून तिसरी तऱ्हाही दिसते. गळ्यात कॅमेरा, कानांवर हेडफोन आणि हातात काठीला लावलेला केसाळ माइक. गावातली कुत्री आधी माइकवर भुंकतात, मग माइकवाल्यावर.

"शूटिंग हाय का?" असं कुणी विचारलं की तो दुखावतो. "शूटिंग नाही, काका. प्रयोग आहे. नुसती स्थिरचित्रं आणि ध्वनी."

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तो शिकलेला नसतो, पण तिथल्या विज्डम ट्रीखाली बसून आलेला असतो. त्या बळावर चहाच्या बाकड्यावर तो क्रिस मार्करचा 'ला जेते' सांगायला घेतो. साल १९६२. अठ्ठावीस मिनिटं नुसते फोटो. एकदाच काय ती झोपलेली बाई डोळे उघडते, तेवढीच हालचाल.

"मंग उठून बसती का?"

"नाही."

"आजारी आसंल."

मग तो देशी दाखला काढतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चौकट टिपली होती! हे मात्र बाकड्याला पटतं. "दाणं भरलं का पुढं?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

हिशेबाला तो पक्का. सेकंदाला चोवीस चौकटी, एक फोटो पाच सेकंद धरायचा, म्हणजे दहा मिनिटांच्या फिल्मला १२० फोटो पुरे. दुपारपर्यंत त्यानं हजारभर काढलेले असतात, त्यातले निम्मे एकाच बांधाचे. खाली भातलावणी चाललेली. पोटरीभर चिखलात वाकलेल्या माणसाला तो बांधावरून ओरडतो, "हलू नका, काका!" फोटो डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघतो, त्याला माणूस थिजवायची गरज नसते. पण काकांनी हातात रोपांची मूठ धरून काळासारखं थांबावं, असं त्याला वाटतं. मजुरी काळाला द्यावी लागत नाही, काकांना लागते, हे त्याच्या लक्षात येत नाही.

खरी गोची आवाजाची. गडावर त्र्यंबकेश्वराच्या देवळापाशी त्याला शांतता टिपायची असते. खाली येऊन ऐकतो, तर गड चढणाऱ्यांच्या घोषणा, कुणाच्या स्पीकरवरची गाणी आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याचाच आवाज : "शांत राहा ना, प्लीज!" आणि पाऊस? मावळातला पाऊस आडवा येतो. तुंगाकडून वारा सुटला की माइकमध्ये नुसती फरफर.

म्हणून संध्याकाळी तो हॉटेलच्या चुलीशी माइक धरून बसतो. कढईत कांदाभजी पडतात. चर्रर्र. त्याचे डोळे मिटतात.

"काय करताय वो, दादा?"

"पाऊस घेतोय, मावशी."

"पाऊस भाईर पडतोय की."

"तो पावसासारखा वाटत नाही."

मावशी झारा उचलतात. तो हात आडवा घालतो. "काढू नका! अजून दोन मिनिटं पाऊस हवाय."

"आवं, करपत्यात."

"करपू द्या."

करपलेल्या घाण्याचे पैसे मावशी बिनदिक्कत लावतात. तोही घासाघीस न करता देतो आणि पावती मागतो. निर्मितीखर्चात 'पाऊस' या नावाखाली दाखवायची असते.