बांध, चुना आणि वकीलसाहेब

करमाळा तालुक्यातल्या केममध्ये हळदीला चुना लावला तर तो धंदा. माणसाला लावला तर दावा. चुन्यासारखा क्षार मिसळला की पिवळीधमक हळद लाल होते आणि त्या लालीनेच केमचं कुंकू नावारूपाला आलं. माणसाला लावलेल्या चुन्याचं पुढे काय होतं, ते गावच्या दिवाणी वकिलाला विचारावं.

हे वकीलसाहेब म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. गावोगाव त्यांची एकेक आवृत्ती असते. केमच्या आवृत्तीची अडचण अशी, की दारात रेल्वे आहे, पण ती नेते कुर्डुवाडीला. कोर्ट करमाळ्यात, आणि तिथे रूळच पोचलेले नाहीत. मग मोटारसायकल. मागे पक्षकार. करमाळा येईपर्यंत त्याची कैफियत तोंडी पुरी होते, आणि उतरताना तो म्हणतो, "फीचं ऊसबिल आल्यावर बघू, साहेब."

भांडण बहुतेक बांधाचं. नांगर दरसाल बांधाची चार बोटं खातो. चार बोटं म्हणजे तीन इंच धरा. बारा वर्षांत झाले तीन फूट. बांध 330 फूट लांब असेल, तर गेली 990 चौरस फूट जमीन. 1,089 चौरस फुटांच्या गुंठ्याला फक्त 99 कमी! आणि मुदतीच्या कायद्यात ताब्याच्या दाव्याला मुदतही बाराच वर्षांची. नांगऱ्याला कायदा कुणी शिकवला, हे वकीलसाहेबांना अजून उमगलेलं नाही.

मग दावा, मनाईचा अर्ज, कोर्ट कमिशनर, मोजणी, तारीख. तारखेनंतर तारीख.

वाटपाच्या दाव्यांची तऱ्हा आणखी न्यारी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, केंद्राने 2005 साली. तेव्हापासून काही भावांना बहिणीची माया फार दाटून येते. राखीपौर्णिमेला साडी, आणि साडीच्या घडीत हक्कसोडपत्र! वकीलसाहेब अशा भावाला चहा पाजतात, कागदाला हात लावत नाहीत. बहिणीने दावा लावून हुकूमनामा मिळवला तरी ती सुटली असं नाही. शेतसारा असलेल्या जमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायचं. म्हणजे कोर्टातून सुटलेला कागद कचेरीत अडकतो.

संध्याकाळी समाजकार्य. उत्तरेश्वराच्या मंदिराजवळ कुणी ना कुणी गाठतंच : "तुम्हीच अध्यक्ष व्हा." या आग्रहात आदर असतो, आणि नोटिशीला फुकट उत्तर मिळण्याची सोयही.

या दुखण्याचे मूळपुरुष पुण्याचे. साताऱ्यात 1828 साली जन्मलेले गणेश वासुदेव जोशी पुण्यात वकिली करायचे. पर्वती संस्थानच्या कारभाराच्या तक्रारी निघाल्या आणि त्यातून 1870 साली सार्वजनिक सभा उभी राहिली. जोशींचे 'सार्वजनिक काका' झाले ते कायमचे. 1877 च्या दिल्ली दरबारात ते खादी घालून गेले. 1879 साली वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायलाही कचरले नाहीत. पण खरी कमाल पुढेच आहे. लोकांची भांडणं कोर्टाबाहेर मिटावीत म्हणून त्यांनी लवाद कोर्टाचा पुरस्कार केला. वकिलाने असं करणं म्हणजे कुंकवाच्या कारखानदाराने टिकल्या वाटणं!

आता 1987 च्या कायद्याची लोकअदालत आहे. तिथे तडजोड झाली की निवाड्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी पक्षकाराला परत. वकिलाच्या फीबद्दल कायद्याने मौन पाळलं आहे.

अशीच एक तडजोड होते. दोघे भाऊ बांधावर हद्दीचा दगड रोवतात, त्याला केमचंच कुंकू लावतात, नारळ फोडतात. अर्धी भकल वकीलसाहेबांच्या हातात येते. ते गाडीला किक मारणार, एवढ्यात धाकटा हळूच जवळ येतो.

"साहेब, दगड जरा माझ्याच बाजूला सरकल्यावानी वाटत नाही का?"